डावीकडची गाठ

महाराजांनी पाठीवरचा पितळी तांब्या ओढून काढला, तेव्हा बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला आणि कापसाच्या जिनिंगच्या शेडमधली सगळी माणसं एकदम उभी राहिली. मागच्यांना दिसेना म्हणून ते खुर्च्यांवर चढले. बायांनी कडेवरची लेकरं वर धरली. व्यासपीठावर एक बाई प्रेक्षकांकडे पाठ करून बसली होती. तिच्या उघड्या पाठीवर तांब्याच्या तोंडाएवढं जांभळं वर्तुळ उठलं होतं. महाराजांनी तांब्यात हळदीचं तीर्थ ओतलं, तो गरगर फिरवला आणि पांढऱ्या ताटात उपडा केला. आत गेलं होतं ते पाणी पिवळं होतं. बाहेर आलं ते लालभडक. त्या लालात बोराएवढा मांसाचा गोळा पडलेला होता.

"देखो," महाराज माइकवर म्हणाले. "डॉक्टर काय म्हणतो? कापा. अरे, छातीच्या रोगाचं मूळ पाठीत असतं, हे त्याला कुठल्या कॉलेजात शिकवलं? आम्ही सुरी लावली? सुई लावली? फक्त व्हॅक्यूम लावला. निगेटिव्ह एनर्जीचा व्हॅक्यूम. अमेरिकेत यावर संशोधन चालू आहे. पण त्यांना जमेना. त्यांच्याकडे तांब्या आहे, मंत्र नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

महाराज मूळचे कुठले, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. कुणी हिमालय म्हणे, कुणी आदिलाबाद. औंढा नागनाथ ते जवळा बाजार रस्त्यावरच्या या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये ते दिवाळीनंतर उतरले आणि सोयाबीन विकून मोकळी झालेली माणसं गाड्या भरभरून येऊ लागली. महाराज पैसे घेत नसत. तेलाची बाटली तेवढी घ्यावी लागे, आणि ती शेजारच्या टेबलावर मिळे.

सत्यशीला सगळ्यात मागे, पत्र्याच्या दाराजवळ उभी होती. ती ताटाकडे बघतच नव्हती. तिची नजर महाराजांच्या उजव्या बाजूला, लाल गादीच्या खुर्चीत बसलेल्या भागाबाईवर खिळली होती. भागाबाईच्या डोक्यावर पदर होता आणि पदराखालून जाडजूड वेणी कंबरेपर्यंत आली होती. तांब्या लावण्याआधी बायांच्या पाठीला हळद चोळायचं काम तिचं. नंतर ती माइक हातात घेई आणि स्वतःची गोष्ट सांगे.

"माझ्या बी छातीत गाठ होती," भागाबाई आत्ताही सांगत होती. "डाक्टर म्हनला, तपास करा, कापा, केस जातील. मी म्हनलं, मरते पन कापत न्हाई. मंग इथं आले. महाराजानं एकदा तांब्या लावला, दुसऱ्यांदा लावला, आन् बघा, तुमच्यासमोर बसून राहिले."

बाया रडत होत्या. एकीनं पुढे होऊन भागाबाईच्या पायाला हात लावला.

सत्यशीलाच्या पायाला आजवर कुणी हात लावला नव्हता.

तिचीही गोष्ट होती, आणि ती खरी होती. जवळा बाजारात तिचं शिलाईचं दुकान होतं. तीन वर्षांपूर्वी हिंगोलीच्या आधार आरोग्य मंडळाचं शिबिर गावात आलं, त्यात डॉक्टर सृष्टी राठोड यांच्या हाताला तिच्या डाव्या स्तनातली गाठ लागली. न दुखणारी, हरभऱ्याएवढी. मग नांदेडच्या वाऱ्या, ऑपरेशन, सलाइनमधून जाणारी ती लाल औषधं, उलट्या, गळालेले केस. डावा स्तन काढून टाकावा लागला. केस परत आले ते विरळ आणि करडे. पण ती जगली. मंडळाचं काम लोकांच्या मदतीवर चालायचं, आणि बाया तपासणीला याव्यात म्हणून कुणीतरी स्वतःचं सांगायला हवं होतं. सृष्टी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सत्यशीला पहिल्यांदा थरथरत उभी राहिली. नंतर तिला ते आवडू लागलं. गावोगावच्या समाजमंदिरात, शाळेच्या वर्गात ती उभी राही, बाया गप्प होऊन ऐकत, आणि बोलणं संपलं की चार-दोन बाया पडद्याआड तपासणीला जात. त्या वेळी सत्यशीलाला वाटे, आपल्याकडून जे गेलं ते अगदीच वाया गेलं नाही.

महाराज आले आणि तिच्यासमोरच्या सतरंज्या रिकाम्या पडू लागल्या. मागच्या शिबिरात बाया आल्या त्या बहुतेक सावलीला बसायला. एकीनं तर तोंडावर सांगितलं, "सत्यशीलाबाई, तुमचं ऐकलं की जेवन जात न्हाई. भागाबाईचं ऐकलं की भूक लागते."

ते वाक्य सत्यशीलाच्या डोक्यातून जाईना. मशीनवर बसली की सुईबरोबर तेच वाक्य खालीवर होई. भागाबाईचं सगळं किती सोपं झालं होतं. ना सुई, ना उलटी. वेणी जागेवर, अंग जागेवर. वर गादीची खुर्ची. सत्यशीलाला देवाचा राग येत होता आणि भागाबाईचा त्याहून जास्त. ती म्हणूनच शेडमध्ये येत होती. नवऱ्याला सांगायची, "बघून येते काय चाललंय ते," पण खरं म्हणजे दुखऱ्या दाताला जीभ लागत राहावी तशी ती तिथे जायची.

त्या दिवशी शेडमधून बाहेर पडताना तिला गर्दीत पुनम दिसली.

पुनम तिच्या जावेची लेक. लग्न होऊन वसमतकडे दिली होती, पदरात एक लहान पोरगी. मागच्याच महिन्यात मंडळाच्या शिबिरात पुनमच्या छातीत गाठ सापडली होती. सुईनं तपास झाला होता. कॅन्सर होता, पण लवकर सापडला होता. सृष्टी डॉक्टर म्हणाल्या होत्या, वेळेत ऑपरेशन केलं तर बहुतेक पूर्ण बरी होईल. नांदेडची तारीखही ठरली होती.

"तू इथं काहून?" सत्यशीलानं विचारलं.

पुनमनं नजर चुकवली. "आई घेऊन आली. काकू, मी नांदेडला न्हाई जात. महाराजानं येत्या बाजाराच्या दिवशी बोलावलंय."

"अन् डॉक्टरांनी सांगितलं ते?"

"काकू, राग नका मानू. तुमाला बघितलं की मला भ्याव वाटते. भागाबाईला बघितलं की धीर येते."

सत्यशीला वळून चालू लागली. बोलली असती तर तोंडातून काय निघालं असतं, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांनी भागाबाई स्वतःच दुकानात आली.

ती हटकर धनगर, औंढ्याच्या बाजूच्या वस्तीवरची. सगळा जन्म शेरडा-मेंढरांमागे गेलेला. दुकानाच्या पायरीवर तिनं चप्पल काढली आणि बावरून उभी राहिली. व्यासपीठावरची भागाबाई इथे नव्हती.

"ब्लाऊज शिवायचाय. स्टेजवर बसाया," ती म्हणाली आणि जांभळ्या कापडाची घडी पुढे केली. "जुने समदे तंग होऊन राहिलेत."

स्टेजवर बसायला. सत्यशीलानं कापड घेतलं, दुकानाचा पडदा ओढला आणि माप घ्यायची टेप गळ्यातून काढली. मनात आलं, कापड आखूड पडलं म्हणून सांगावं. पण धंदा होता. तिनं टेप छातीभोवती फिरवली आणि तिचा हात थांबला.

डावी बाजू दगडासारखी होती. टेप तिथे सपाट बसेना, एका उंचवट्यावर अडकून राहिली.

"भागाबाई, जरा ब्लाऊज सैल करता?"

भागाबाईनं थोडा वेळ घेतला, पण केला. स्तनाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली होती आणि स्तनाग्र आत ओढलं गेलं होतं. असं चित्र सत्यशीलानं सृष्टी डॉक्टरांच्या तक्त्यावर कितीदा पाहिलं होतं, कितीदा बायांना छडीनं दाखवलं होतं.

पहिल्या क्षणी सत्यशीलाला काय वाटलं, तर आनंद. गरम, आतून भरून येणारा आनंद. म्हणजे हिचं काहीच बरं झालेलं नाही. ती खुर्ची खोटी, ती टाळी खोटी. मग तिला समोरचा चेहरा दिसला. भागाबाई तिच्याकडे बघत होती, परीक्षेत पेपर देऊन मास्तरीणबाईच्या तोंडाकडे बघणाऱ्या पोरीसारखी. तो आनंद जसा आला होता तसाच विझला, आणि सत्यशीलानं टेप खाली ठेवली.

"ही गाठ हाय तशीच हाय," ती म्हणाली. "वाढलीय."

"महाराज म्हनले, फळ निघालं, मूळ हाय. मूळ सुकत सुकत जाते."

"दुखते का?"

"आता दुखाया लागलंय."

"मंग स्टेजवर काहून सांगता बरी झाले म्हणून?"

भागाबाईनं हुक लावायला सुरुवात केली. "सत्यशीलाबाई, मला सून ताट सरकवून देते, वाढत न्हाई. मालक गेल्यापासून कुनी दोन शब्द इचारले न्हाईत. तिथं मला खुर्ची देतेत. माझं बोलनं लोक ऐकून राहतेत. मी गाठ हाय म्हनलं तर खुर्ची जाईल, आन् गाठ तर राहीलच."

समोरच्या माणसांनी गप्प होऊन आपलं ऐकावं ही भूक सत्यशीलाला चांगली ओळखीची होती.

"माझ्यासंगं सृष्टी डॉक्टरकडं चला," ती शेवटी म्हणाली.

"बघू," भागाबाई म्हणाली. चप्पल घालून निघून गेली. कापड तसंच टेबलावर राहिलं.

सत्यशीला संध्याकाळीच जावेच्या घरी गेली आणि पाहिलेलं सगळं सांगितलं. जाऊबाई निवडायचं सूप खाली न ठेवताच म्हणाल्या, "तू जळतीस. तुझं गेलं, तिचं राहिलं, म्हनून जळतीस. माझ्या लेकीला कापाया नेऊ नको."

घरी येऊन तिनं नवऱ्याला, बालाजीला सांगितलं. बालाजी शांत माणूस. तो जेवता जेवता म्हणाला, "तू खरंच सांगत असशील. पन लोकाला वाटून राहिलं की तू जळतीस."

"मी जळतेच."

"मंग?"

"मंग काय? जळनारं मानूस खोटंच बोलते काय? उलट मीच नीट बघितलं. बाकीचे ताटाकडं बघून राहिले होते, मी भागाबाईकडं बघत होते."

बालाजी हात धुवायला उठला आणि म्हणाला, "डॉक्टरीणबाईंना जाऊन भेट."

सृष्टी राठोड तरुण होती, औंढा तालुक्यातल्याच तांड्यावर वाढलेली. हिंगोलीत मंडळाच्या लहानशा दवाखान्यात ती बसायची. सत्यशीलाचं बोलणं तिनं मधे न थांबवता ऐकलं.

"जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, मी पोलिसांकडे तक्रार करते," ती म्हणाली. "पण एक अडचण आहे. पोलीस आले तर महाराज जाईल दुसऱ्या जिल्ह्यात, आणि लोक म्हणतील, डॉक्टरांनी देवमाणूस पळवला. पुनम तर मुळीच नांदेडला जायची नाही. लोकांच्या डोळ्यांसमोर उघडं पडायला हवं. मी वर चढून तांब्या हातात घेतला तर मला हात धरून उतरवतील."

"तुम्हाला उतरवतील," सत्यशीला म्हणाली. "रोग्याला कोन उतरवील?"

सृष्टीला समजायला एक क्षण लागला. मग ती सावकाश म्हणाली, "तुम्हाला सगळ्यांसमोर ते दाखवावं लागेल. जमेल?"

सत्यशीलाला तिच्या ऑपरेशनची गोष्ट सांगायची सवय होती. पण गोष्ट सांगणं वेगळं. बाहेर निघताना ती कायम ब्लाऊजच्या डाव्या बाजूला स्वतः शिवलेली सुती गादी ठेवायची, आत कापूस आणि वजनाला मूठभर मोहरी. ती गादी नवऱ्याशिवाय कुणी पाहिली नव्हती.

"जमवते," ती म्हणाली.

बाजाराच्या दिवशी शेड गच्च भरली होती. सृष्टी डोक्यावरून पदर घेऊन बायांच्या तिसऱ्या रांगेत बसली. दाराशी साध्या कपड्यातले दोन पोलीस होते. पुनम आणि जाऊबाई पुढे, नंबर लावलेल्यांमध्ये. सत्यशीला त्यांच्याही पुढे जाऊन उभी राहिली. जाऊबाईंचे डोळे मोठे झाले. पण त्यांना वाटलं, हिलाही अक्कल आली, आणि त्यांनी समाधानानं सरकून जागा दिली.

महाराजांनी तिला नावही विचारलं नाही. "पाठमोरी बैस, माई. तकलीफ कुठे आहे?"

"छातीत. डावीकडं."

"डावीकडे," महाराज माइकवर म्हणाले. "डावी बाजू म्हणजे चंद्रनाडी. इथे पूर्वजांचा कोप साठतो. डॉक्टरच्या मशीनला पूर्वज दिसतात का? नाही दिसत. आम्हाला दिसतात. दोन दिसतात, एक पुरुष, एक बाई. मोठी हट्टी आहेत."

सत्यशीला लोकांकडे पाठ करून पाटावर बसली. मागून गुंड्यांचा ब्लाऊज घालून आली होती, तिनं वरच्या गुंड्या सोडल्या. हळदीची वाटी घेऊन भागाबाई तिच्यामागे आली आणि वाकली.

हात पाठीवर थांबला.

महाराजांच्या माणसांपैकी एकट्या भागाबाईला एका शब्दात सगळं मोडता आलं असतं. सत्यशीलाचं डावीकडचं काय झालं, हे तिला ठाऊक होतं. आधार मंडळाच्या सतरंजीवर बसून तिनं एकदा ते ऐकलं होतं. सत्यशीलानं मान न वळवता हळूच म्हटलं, "लावा, भागाबाई."

"कोण आहे ही?" महाराजांनी माइक बाजूला धरून विचारलं.

"जवळ्याची हाय," भागाबाई म्हणाली. "डावीकडं गाठ हाय म्हनते." आणि तिनं हळद चोळायला सुरुवात केली, सावकाश, आईनं लेकराला न्हाऊ घालावं तशी.

महाराज पडद्यामागून तांब्या घेऊन आले. सत्यशीलाच्या पाठीवर कणकेचा गोळा चिकटवला, त्यावर कापूर पेटवला आणि तांब्या पालथा घातला. जाळ विझला तशी कातडी आत ओढली गेली. दुखलं थोडं, पण तिनं सोसलं त्यापुढे ते काहीच नव्हतं. ती डोळे मिटून फक्त लक्ष देत होती. मंत्र चालू होते. आणि मग तिला जाणवलं. पाठीवर काहीतरी ओलं, मऊ, टपकन पडलं. पाठीतून काही निघालं नव्हतं. जे आलं ते वरून, तांब्याच्या बुडातून आलं.

बूच निघाल्याचा आवाज झाला. महाराजांनी बोटानं पाठीवरचा तो ओला गोळा तांब्यात ढकलला, तीर्थ ओतलं, फिरवलं. ताटात लाल पाणी सांडलं आणि लोकांच्या तोंडून मोठा सुस्कारा निघाला.

सत्यशीलानं गुंड्या लावल्या, पदर सावरला आणि ती लोकांकडे तोंड करून उभी राहिली.

"महाराज, ही गाठ कुठली?"

"तुझीच, माई. डावीकडची."

"बराबर डावीकडचीच?"

"सौ टक्का. मुळासकट."

"माइक देता का? मला अनुभव सांगायचाय."

महाराजांनी आनंदानं माइक दिला. अनुभव सांगणाऱ्या बाया त्यांना हव्याच असत.

सत्यशीलानं पदराआड हात घातला, ती गादी बाहेर काढली आणि पांढऱ्या ताटात, त्या गोळ्याशेजारी ठेवली. छाती डावीकडे सपाट झाली. ते सगळ्या शेडला दिसलं. तिचे कान तापले, पण आवाज हलला नाही. माइकसमोर उभं राहायचं तिला ठाऊक होतं.

"डावीकडं माझ्याकडं एवढंच हाय. कापूस आन् मोहरी. माझा डावा स्तन तीन वर्षांआधी डॉक्टरांनी काढला, त्याच्यासंगं गाठ बी काढली. तिथं आता हाडावर नुसती कातडी हाय. इथल्या कितीतरी बायांनी हे माझ्या तोंडून ऐकलंय. मंग महाराजानं आत्ता डावीकडून काय काढलं?"

मागची माणसं ताट दिसावं म्हणून पुन्हा खुर्च्यांवर चढली.

"गाठ," महाराज म्हणाले आणि त्यांनी ओठ ओले केले, "गाठ सूक्ष्म शरीरात असते. स्थूल शरीर कापलं तरी सूक्ष्म..."

"सूक्ष्म गाठ ताटात दिसून राहिली की," मागून कुणीतरी म्हणालं. कुणीतरी हसलं. त्या शेडमध्ये महाराजांच्या बोलण्यावर पहिल्यांदाच कुणी हसलं होतं, आणि महाराज पडद्याकडे सरकू लागले. तोपर्यंत सृष्टी तिथे पोहोचली होती. पडद्यामागच्या फळीवर दुसरा तांब्या तयार होता. तो पुनमसाठी होता. तिनं तो तसाच उचलून व्यासपीठावर आणला.

"मी डॉक्टर राठोड," ती म्हणाली. "याला कुणीच अजून हात लावलेला नाही. पुढच्या रांगेतल्यांनी वर येऊन बघा. आतून पांढरं काय फासलंय?"

एका म्हाताऱ्यानं बोट घालून जिभेला लावलं. "चुना हाय. पानाचा."

"आणि बुडाशी?"

सृष्टीनं चमच्यानं खरवडलं. मेणाची काळपट चकती सुटली आणि तिच्यात दाबून बसवलेला मांसाचा गोळा हातावर आला. पुनमच्या छातीतून निघायची गाठ, पुनम पाटावर बसण्याच्या आधीच तयार होती.

"कापराच्या जाळानं मेण वितळतं आणि हा तुकडा खाली पडतो," सृष्टी सांगू लागली. "तांब्या पाठीला चिकटतो, त्यात मंत्र नाही. आपल्या आज्या पाठ धरली की तुंबडी लावायच्या, तीच ही. जाळानं आतली हवा तापते, विझल्यावर गार होऊन आकसते आणि कातडी ओढली जाते. आणि हे रक्त." तिनं वाटीतलं पिवळं तीर्थ चुन्याच्या तांब्यात ओतलं आणि ताटात उपडं केलं. लाल पाणी पसरलं. "हळद आणि चुना. तुम्ही हळद पिकवणारी, हळद शिजवणारी माणसं. हळदीचे हात साबणानं धुतले की फेस लाल होतो, हे इथं कुणाला माहीत नाही? मग इथंच कसं विसरलात?"

महाराजांनी मागचं दार गाठलं, पण दाराशी बसलेले ते दोन पोलीस तिथे आधीच येऊन उभे होते.

भागाबाई एवढा वेळ हळदीची वाटी धरून उभी होती. ती ताटाजवळ आली, गोळा उचलला आणि बोटांनी दाबून बघितला.

"बोकडाचं काळीज हाय," ती म्हणाली. माइक तिच्याजवळ नव्हता, पण पुढच्या रांगांना ऐकू गेलं. "पयल्या दिवशीच वळखलं होतं मी. मी म्हनलं, मानसाची गाठ बी अशीच दिसत असंल. मला तसंच पाहिजे होतं." मग तिनं पुनमकडे बघितलं. "पोरी, माझी गाठ गेली न्हाई. वाढलीय. तू नांदेडला जाय."

जाऊबाई खाली मान घालून बसल्या होत्या. पुनम उठली, वर आली आणि ताटातली ओली गादी आपल्या पदरानं पुसून सत्यशीलाच्या हातात दिली.

पुनमचं ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. गाठ लहान होती, लवकर हाती लागली होती. भागाबाईचं तसं नव्हतं. मोलाचे महिने तांब्यात गेले होते आणि रोग काखेपर्यंत पसरला होता. नांदेडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, उपचार लांबचा आहे, खात्री देता येत नाही, पण करण्यासारखं खूप आहे. पहिल्या सलाइनच्या वेळी सत्यशीला तिच्यासोबत गेली. भागाबाईची वेणी गेली. उलट्या झाल्या तेव्हा सत्यशीलानं घमेलं धरलं, आणि तिच्या मनात कुठेतरी खोल, अजूनही, एक नको असलेला विचार आला की आता कळलं का. तो तिनं गिळला.

उन्हाळ्याच्या तोंडावर मंडळाचं शिबिर पुन्हा जवळा बाजारात झालं. या वेळी सतरंज्या कमी पडल्या. डोक्याला रुमाल बांधलेली भागाबाई बोलायला उभी राहिली. तिनं आपली गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगितली, तांब्याची आणि दवाखान्याची, काहीही न लपवता. बाया तिच्याभोवतीच जमल्या. सत्यशीलाला ते खुपलं. खुपायचंच ते, असं तिला आता वाटू लागलं होतं. त्यापायी उठून जाण्याची तिला गरज वाटली नाही. तिची वेळ आली तेव्हा ती उभी राहिली.

"माझं ऐकून भ्याव वाटते, हे मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "मला बी वाटत होतं. भ्या, पन घरी बसून भिऊ नका. महिन्यातून एकदा आपल्या हातानं बघत जा. गाठ दुखत न्हाई म्हनून सोडू नका, सुरुवातीला ती दुखतच न्हाई. लवकर सापडली तर बरी होते. उशीर झाला तर काय होते, ते भागाबाईनं सांगितलं. आन् कुनी तुमच्या अंगातून काही काढून दाखवलं, तर एवढंच इचारा की ते कुठून आलं. तांब्या आतून बघू द्या म्हना. डॉक्टरला बी इचारा, हे औषध काहून, हे ऑपरेशन काहून. सृष्टी डॉक्टर माझ्या हर एक प्रश्नाला बसून उत्तर देतेत. जो खरं करून राहिला त्याला इचारल्याचा राग येत न्हाई."

ती खाली बसली. टाळ्या भागाबाईला मिळाल्या त्याहून कमी मिळाल्या.

पडद्याआड सृष्टी हात धुऊन तयार होती. सतरंजीवर बाया एकमेकींकडे बघत राहिल्या, पहिली कोण उठते याची वाट बघत. मग दुसऱ्या रांगेतून जाऊबाई उठल्या. सत्यशीलाच्या जवळून जाताना थांबल्या, बोलावं की नको असा विचार केला, आणि म्हणाल्या, "माझी पिशवी धर. मी दाखवून येते."

सत्यशीलानं पिशवी धरली. मागून आणखी एक बाई उठली, मग तिघी.